हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर: बडोद्यात प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारातली आमच्या ओळखीची दोन पोरं यंदा मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला हाच विषय घेतायत, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. आधी हे पक्कं समजून घ्या की कार्बन डायऑक्साइडमधे एनर्जी नसते, ती बाहेरून द्यावी लागते, कुणी हायड्रोजन देतं, कुणी वीज, पण आपल्याला परवडणारा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे उजेड. म्हणून सिनेकोकॉकस एलॉंगेटस पीसीसी 7942 घ्या (उजेडावर वाढणारा हिरवट सायनोबॅक्टेरिया), यात ई. कोलाय या बॅक्टेरियाचा सीएससीबी जीन (पेशीच्या भिंतीतून साखर नेणारं प्रोटीन बनवणारा) घातला की साखर पेशीच्या बाहेर यायला लागते.

जीन बदललेला स्ट्रेन घरी अजिबात आणायचा नाही, कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आधी घ्या, जीन बदललेल्या जंतूंबाबतचे सरकारचे 1989 चे नियम त्यासाठीच आहेत.

मीडियम (पेशी वाढवायचं खाद्यपाणी) बीजी-11, तापमान 30 डिग्रीच्या आसपास, उजेड एलईडीचा. खिडकीत फ्लास्क ठेवू नका हो, मे महिन्यात आपल्याकडे 42 च्या वर जातं आणि उन्हात तर आतलं पाणीच तापतं, माझं एक अख्खं बॅच असंच पिवळं पडून गेलं होतं. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के, म्हणून जमलं तर 1-2 टक्के मिसळलेली हवा फिल्टरमधून सोडा. ओडी (कल्चर किती गढूळ, म्हणजे पेशी किती, याचं माप) 750 नॅनोमीटर उजेडाला घ्या, 600 ला पेशींचे रंगच उजेड शोषतात आणि आकडा फसवतो.

कल्चर चांगलं हिरवं झालं की आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) टाकून जीन चालू करा आणि 150 मिलिमोलर मीठ घाला (लिटरला साधारण 8.8 ग्रॅम), खारटपणा सोसायला पेशी सुक्रोज (आपली नेहमीची साखर) बनवतात, तेच आपल्याला हवंय.

आता जिथे सगळे अडकतात ते: डीएनएस टेस्टमधे (साखर मोजायची रंगाची टेस्ट) सुक्रोज दिसतच नाही कारण ही टेस्ट फक्त ग्लुकोजसारख्या रिड्यूसिंग शुगर पकडते आणि सुक्रोज तशी नाही, आधी इन्व्हर्टेज (सुक्रोज फोडणारं एन्झाइम) घालून फोडा, आणि इन्व्हर्टेज न घातलेला नमुनाही शेजारी चालवा. एक फ्लास्क आयपीटीजीशिवाय, एक फॉइलमधे गुंडाळून अंधारात, हे दोन नसतील तर साखर कुठून आली ते कुणालाच सांगता येणार नाही. आकडा अचानक घसरला तर मायक्रोस्कोपखाली बघा, बाहेरचे बॅक्टेरिया साखर खात असतात. 1 ग्रॅम सुक्रोजमागे 1.54 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, हा हिशोब रिपोर्टमधे नक्की टाका.

सगळं झालं की कल्चर 121 डिग्रीला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करूनच बेसिनमधे ओता.