पिकअपचे पाटे, शॉकअप आणि स्टेअरिंग बदलताय? आधी या चुका टाळा

माझ्या गॅरेजात पिकअप घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा काय बसवायचं ते ठरवूनच आलेला असतो. कुणाच्या तरी गाडीला बघितलेलं असतं, मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो. गाडीला झालंय काय, हे मात्र त्यानं बघितलेलं नसतं. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत चालणारी गाडी, खानापूर-कणकुंबीच्या पावसात चालणारी गाडी आणि रोज भाजी घेऊन गोव्याला उतरणारी गाडी, या तिन्हींचं दुखणं वेगळं असतं. तिघांनाही एकच किट हवं असतं.

मागं पाटे वाढवले म्हणजे काम झालं, असं समजणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण हिच्यात जीव जाऊ शकतो.

खानापूर भागातला एक भाजीवाला. बेळगावात माल भरायचा, चोर्ला घाटानं गोव्यात उतरवायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचा. गाडी मागं बसते म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या) वाढवून घेतले आणि वर लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) टाकलं. गाडी मागून उंच उभी राहिली, बघायला ऐटदार. महिनाभरात तक्रार सुरू झाली, "स्टेअरिंग हलकं झालंय वो, रस्त्यावर गाडी पोहायलीय." एका ठिकाणी टाय रॉड एंड (स्टेअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या दांडीचे सांधे) बदलले. फरक नाही. दुसरीकडं स्टेअरिंग बॉक्स बदलला. तरी तेच. तिसऱ्यानं स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके मऊ करणारा छोटा शॉकअप) बसवला. प्रत्येक वेळी पैसे गेले, आणि पाट्यांकडं कुणी बघितलंच नाही. शेवटी एका रात्री भरल्या गाडीनं घाट उतरताना ब्रेक पोकळ झाला. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून माणूस वाचला. दरीच्या बाजूचं वळण असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

गाडी माझ्याकडं आली तेव्हा मी आधी चाकं काढली. पुढच्या डिस्क तापून निळ्या पडलेल्या, पॅड संपलेले. मागचे ब्रेक लायनर जवळजवळ नवे. तिथंच सगळं कळलं.

बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की बॉडी वर राहते आणि मागचा दाब कमी होतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊन घसरतील. आता पाटे कडक केले आणि शॅकलनं बॉडी उचलली, तर गाडी भरलेली असूनही त्या व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर येतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. कणकुंबी सोडून घाटाखाली गोव्यातल्या केरीपर्यंत उतरताना जाणवतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

स्टेअरिंग हलकं होण्याचं कारणही तेच शॅकल. मागून गाडी उचलली की पुढचा भाग झुकतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन) कमी होतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते कॅस्टरमुळं. तो कमी झाला की गाडी सरळ रस्त्यावरही भटकते. त्यात हा माणूस जड क्रेट फाळक्याजवळ रचायचा. ॲक्सलच्या मागं वजन लोंबलं की पुढची चाकं आणखी हलकी होतात. बॉक्स, रॉड एंड, डॅम्पर यांपैकी कशाचाही यात दोष नव्हता.

आम्ही वाढवलेले पाटे काढले, जुनं शॅकल परत बसवलं आणि एकच हेल्पर पाटा टाकला. हेल्पर गाडी भरल्यावरच टेकतो, रिकाम्या गाडीत तो मध्ये येत नाही. व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाला सेट केली, ब्रेकचा दाब गेज लावून तपासला आणि मग अलाइनमेंट केलं. ते जुने रॉड एंड चांगले होते, जुना बॉक्सही चांगला होता. पैसे मात्र गेलेलेच होते.

आणि हेही सांगतो. पाटे वाढवल्यानं गाडीची वजन उचलायची ताकद वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक, चॅसी सगळं तेच राहतं. आरसी बुकात जे एकूण वजन लिहिलंय तीच हद्द. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. एकदा वजनकाट्यावर गाडी सापडली की पाट्यांवर वाचवलेलं सगळं तिथंच जातं.

प्ले (सांध्यातली ढिलाई) कुठं आहे ते न शोधता पार्ट विकत घेणं

"मामा, स्टेअरिंग हलायलंय, डॅम्पर बसवा." हे मी ऐकतो आणि आधी गाडीखाली जातो. डॅम्पर झटका मऊ करतो, झटक्याचं कारण काढत नाही. पुढं रिजिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड ॲक्सल) असलेल्या गाडीत खड्ड्यावरून गेल्यावर दोन्ही चाकं थरथरायला लागली, तर किंग पिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ), ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारी दांडी), रॉड एंड, पाट्याचे बुश, टायरचं बॅलन्सिंग हे आधी बघायचं. डॅम्परनं ते महिनाभर झाकलं जातं, तोवर झिजलेला सांधा आणखी झिजतो.

माझी पद्धत साधी आहे. इंजिन चालू ठेवून एकानं स्टेअरिंग डावीकडं-उजवीकडं थोडं-थोडं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली पडून प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. जो सांधा आधी हलतो आणि पुढचा नंतर, तिथं प्ले आहे. मग चाक उचलून टायर वर-खाली धरून हलवायचं, नंतर आडवं धरून हलवायचं. आडवं हललं तर बहुतेक वेळा टाय रॉड. वर-खाली हललं तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन. अशा वेळी कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर दोष सांध्यात आहे. याला घाई चालत नाही. अर्धा तास लागतो आणि हजारो रुपये वाचतात.

स्टेअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवणारे अजून आहेत, आणि त्यांचा मला राग येतो. बॉक्स मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर बॉक्स घट्ट होतो आणि स्टेअरिंग परत येत नाही. घाटात वळणामागून वळण असताना स्टेअरिंग अडकलं तर काय होईल, याचा विचार करा. स्क्रू आवळायचा तर कंपनीनं दिलेल्या मापाइतकाच, तोही बाकीचे सगळे सांधे घट्ट असल्याची खात्री झाल्यावर. तेवढ्यानं भागत नसेल तर बॉक्स उघडायचा, नाहीतर बदलायचा.

उंची वाढवायच्या नादात पुढच्या सांध्यांचा विचार न करणं

डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि हायलक्स या पिकअपवाली पोरं हल्ली जास्त येतात. या गाड्यांना पुढं डबल विशबोन (चाकाला धरणारे वरचा-खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागं पाटे. पुढं नुसता स्पेसर (उंची वाढवायला स्प्रिंगजवळ घालायची जाड चकती) टाकला की गाडी उंच दिसते, पण आर्म खाली झुकतात, कॅस्टर जातो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडतो. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सीव्ही जॉइंटचं (वाकूनही फिरणाऱ्या सांध्याचं) रबर बूट फाटतं, आणि त्यात आमच्याकडचा चिखल शिरला की जॉइंट खलास. चाक पूर्ण खाली लोंबलं की वरच्या बॉल जॉइंटवर ताण येतो तो वेगळाच. साधारण ५० मिमीच्या पुढं जायचं असेल तर कॅस्टर परत आणणारे वरचे आर्म, लांब शॉकअप, ब्रेकच्या होजची आणि एबीएस वायरीची लांबी, हे सगळं एकाच बिलात धरा. तेवढी तयारी नसेल तर उंची सोडा आणि चांगले शॉकअप घाला. माझ्या मते ९० टक्के कामाला तेच पुरतं.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत आरसीच्या तपशिलाला धरून नसलेला बदल करू देत नाही. अपघात झाल्यावर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा गाडीखाली वाकतो. बेळगावची गाडी कोल्हापूर आणि गोव्याच्या हद्दीत रोज जात असेल तर तीन राज्यांचे अधिकारी तिला बघणार आहेत.

बारीक वाटणाऱ्या बाकीच्या गोष्टी

पाटे ॲक्सलला बांधणारे जुने यू बोल्ट परत वापरू नका. एकदा आवळले की ते ताणले जातात. नवे बसवल्यावर साधारण ५०० किलोमीटरनंतर परत आवळून घ्या.

पाट्यांना मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या खड्ड्यात नीट बसलंय का, ते बघा. नाही बसलं तर ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पुढचं अलाइनमेंट कितीही केलं तरी ती सरळ होत नाही.

आर्मच्या रबर बुशचे बोल्ट जॅकवर गाडी उचललेली असताना शेवटचे आवळू नका. हात लागेल इतके आवळा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबा, मग पाना फिरवा. लोंबत्या आर्मवर बोल्ट घट्ट केला की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बुश निकृष्ट निघाले म्हणून भांडायला येणाऱ्या निम्म्या लोकांची गोष्ट ही असते. बुश चांगले असतात, बसवणाऱ्याला जेवायला जायची घाई असते.

बाहेर निघालेल्या रिम आणि व्हील स्पेसर टाळा. खड्ड्याचा धक्का थेट स्टेअरिंगवर येतो आणि बेअरिंग लवकर जातं.

शॉकअप जोडीनं बदला. एक नवा आणि एक जुना नको.

पॉवर स्टेअरिंगचं तेल काळं पडलं असेल तर नवा पंप लावायच्या आधी लाइन धुवून घ्या, नाहीतर नव्या पंपात तीच घाण जाते.

ग्रीसचे निपल असतील तर पावसाळ्यात महिन्यातून दोनदा ग्रीस मारा. खानापूरच्या पावसात पाणी आतपर्यंत जातं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, पण रिकाम्या गाडीवर नको

पाटे किंवा स्प्रिंग बदलल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करू नका. नव्या पाट्यांना बसायला थोडे दिवस द्या, मग करा. गाडी रोज जितक्या मालानं चालते तेवढं वजन ठेवून मापं घ्यायला सांगा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा. नुसतं टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते माप) सेट करून देणारे पुष्कळ आहेत. छापील कागदावर आधीचा आणि नंतरचा कॅस्टर मागून घ्या आणि दोन्ही बाजूंत फार फरक असेल तर गाडी तिथून हलवू नका.

काम झाल्यावर पहिली फेरी निम्म्या मालाची करा. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नको. केरीत पोचल्यावर गाडी बाजूला घ्या आणि चारी चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. पुढची चाकं थोडी जास्त तापलेली असणारच. पण पुढची भाजतायत आणि मागची अगदी गार असतील, तर लोड व्हॉल्व्हचं सेटिंग चुकलंय. तसंच पुढं जाऊ नका. माल तिथंच दुसऱ्या गाडीत घाला, आणि तुमची गाडी रिकामी, सावकाश परत गॅरेजात आणा.