फोटोवरून व्हेक्टर पोर्ट्रेट: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

"ट्रेसचं बटण दाबलं की चित्र तयार होतं, मग पेन टूल घेऊन तासन्‌तास कशाला बसायचं?" शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो, आणि विचारणं रास्तच आहे. व्हेक्टर चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवरून आपोआप आकार काढणारी आज्ञा असते: इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप, इलस्ट्रेटरमध्ये इमेज ट्रेस. पेन टूलने तेच आकार हाताने ओढावे लागतात. शाईने काढलेलं रेखाचित्र, सही किंवा दोन रंगांचं बोधचिन्ह असेल, तर मीसुद्धा बेलाशक तेच वापरते. इंकस्केपच्या ट्रेसमागे पोट्रेस नावाचा जो प्रोग्रॅम आहे, तो मुळात काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठीच लिहिलेला आहे, आणि त्या कामात तो उत्तम आहे.

चेहऱ्याचा फोटो मात्र वेगळा. तिथे सॉफ्टवेअरला फक्त छटा दिसते. हनुवटीखालची सावली, मानेवर आलेले केस आणि मागचा अंधार तिन्ही सारख्याच गडद असतील, तर ट्रेस त्यांचा एकच गोळा करून टाकतो. हनुवटीची कड गेली की तो चेहरा त्या माणसाचा राहत नाही. केस कुठे संपतात आणि मान कुठे सुरू होते, हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तिथे रेघ ओढायचा निर्णयही तुम्हीच घ्यायचा. हे काम म्हणजे असे शेकडो निर्णय. पेन टूल हाताशी आलं तरी हे निर्णय घ्यायची सवय लागायला वेळ लागतो.

३००० बाय २००० पिक्सेलच्या फोटोत साठ लाख ठिपके असतात. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात, आकारांच्या कडा असतात. कडेचा प्रत्येक वळणदार तुकडा चार बिंदूंवर उभा असतो: दोन टोकं, म्हणजे नोड, आणि वळण कमीजास्त करणारी त्यांची दोन हँडल. हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ च्या सुमारास ते मांडलं आणि १९६० च्या दशकात रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ते प्रसिद्धीला आणलं. गाडीच्या पत्र्याचं सलग वळण मोजक्या बिंदूंत पकडायचं, यासाठी ही सगळी खटपट होती. म्हणूनच एका गालाच्या कडेला तीस नोड दिसले, की मी ते पुसून सातआठांत बसवायला सांगते. नोड वाढले की कड थरथरते.

नोड कुठे ठेवायचा? आकार जिथे सर्वांत वर, सर्वांत खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचतो तिथे, आणि वळणाची दिशा उलटते तिथे. हँडलची लांबी पुढच्या नोडपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश ठेवून सुरुवात करा, मग डोळ्याने जुळवा. डोळ्याच्या कोपऱ्यासारख्या टोकदार जागी कोपऱ्याचा नोड, बाकी बहुतेक ठिकाणी गुळगुळीत. इंकस्केपमध्ये ओढलेल्या पाथवर, म्हणजे कडेच्या रेघेवर, कंट्रोल-एल दाबून नोड कमी करता येतात, पण ती आज्ञा महत्त्वाचे कोपरेही बोथट करते, म्हणून चेहऱ्यावर मी ती टाळते.

फोटो निवडताना घाई नको. एका बाजूने उजेड आलेला फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारलेल्या चेहऱ्यावर सावल्याच उरत नाहीत आणि मग काढायला काही राहत नाही. फोटो दुसऱ्याने काढलेला असेल तर आधी त्याची परवानगी घ्या. व्हेक्टर केल्याने तो तुमचा होत नाही.

मग फोटोशॉप किंवा गिंपमध्ये त्याची एक प्रत काढा. तिचे रंग काढून टाका, गॉशियन ब्लरने ती किंचित धूसर करा आणि पोस्टराइझ करून चार-पाच छटांवर आणा. आता चेहरा नकाशावरच्या उंचीच्या पट्ट्यांसारखा दिसू लागतो. ही प्रत शेजारी ठेवायची. तिच्यावरून गिरवायचं नाही. मोठे पट्टे कुठे आहेत ते तिच्यातून समजून घ्यायचं आणि कड मूळ फोटोवर ओढायची.

मूळ फोटो सर्वांत खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर, टाकून तो लेयर हलणार नाही असा कुलूपबंद करा. वर प्रत्येक छटेचा वेगळा लेयर. आकार मात्र एकमेकांच्या कडेला कड लावून जोडू नका. तसं केलं तर पडद्यावर दोन्हींच्या मधून पार्श्वभूमीची केसाएवढी फट डोकावते. आधी पूर्ण चेहऱ्याचा एक आकार त्वचेच्या मधल्या रंगाने भरा, त्यावर सावल्या, त्यावर गडद सावल्या, शेवटी उजेडाचे ठिपके. खालचा आकार वरच्याच्या पोटात भरपूर आत जाऊ द्या.

रंग उचलताना एका पिक्सेलवर भरवसा नको. शेजारचाच पिक्सेल भलताच निघतो. इंकस्केपचं ड्रॉपर टूल दाबून ओढलं तर वर्तुळातल्या रंगांची सरासरी मिळते, फोटोशॉपमध्ये नमुन्याचा आकार पाच बाय पाच ठेवता येतो. आणि सावलीसाठी त्वचेच्या रंगात नुसता काळा मिसळू नका, चेहरा मळकट दिसतो. सावलीचा रंग फोटोतूनच घ्या, तो बहुधा जास्त तांबूस किंवा जास्त निळसर असतो.

डोळ्यावर मी सर्वांत जास्त वेळ देते. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते, म्हणून तो हलका करडा भरायचा आणि वरच्या कडेला त्याहून गडद पट्टा द्यायचा. बुबुळाचं पूर्ण वर्तुळ काढायचा मोह होतो, पण शांत चेहऱ्यात त्याचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो. सगळं वर्तुळ दाखवलं की माणूस दचकल्यासारखा दिसतो. पापण्यांचे केस एकेक न काढता वरच्या कडेचा एकच गडद आकार काढा, बाहेरच्या कोपऱ्याकडे जाड होत जाणारा. शुद्ध पांढरा रंग राखून ठेवायचा तो बुबुळावरच्या चमकेसाठी. ती चमक फोटोत जिथे आहे तिथेच हवी, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला.

नाकाला बाह्यरेषा देऊ नका. नाकपुड्या, खालची सावली आणि शेंड्यावरचा उजेड एवढ्यावर नाक उभं राहतं. दातांमधल्या रेघाही नकोत. दातांचा एक सलग आकार आणि हिरड्यांची कड पुरते. केसांचा आधी एक मोठा आकार, मग उजेडाचे चारदोन पट्टे, अगदी शेवटी कडेबाहेर सुटलेल्या मोजक्या बटा.

काम चालू असताना फोटोचा लेयर वरचेवर बंद करून पाहा. फोटो खाली असला की डोळा उरलेलं स्वतःच भरून घेतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. चित्र आडवं उलटवूनही पाहा: इंकस्केपमध्ये सगळं निवडून एच दाबा. वाकडा जबडा लगेच दिसतो.

व्यवसाय म्हणून याकडे येणार असाल तर एक माहीत असू द्या: सुरुवातीची बरीचशी कामं पोर्ट्रेटची नसतात, अंधूक जेपीजीवरून बोधचिन्ह पुन्हा काढून देण्याची असतात. ती कमी लेखू नका. वर्तुळ, सरळ रेघ आणि दोन वळणांचा सांधा तिथे अचूकच लागतो आणि पेन टूलवर हात तिथेच बसतो.

फाइल देण्याआधी फोटोचा लेयर नुसता लपवू नका, काढून टाका. एसव्हीजी या व्हेक्टर फाइलच्या आतच फोटो साठवलेला (एम्बेड केलेला) असेल तर फाइल फुगते आणि लपवलेला फोटो समोरच्याला सापडतो. इंकस्केपमधला ब्लर पीडीएफमध्ये जाताना पिक्सेल बनतो, तेव्हा छपाईच्या कामात मऊ कडा टाळा किंवा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा भराव, वापरा. लेयरना नावं दिलेली मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. रंग बदलून मागायला ग्राहक परत येतोच.