थँक्सगिव्हिंगची टर्की दुकानातून निवडताना: पुढचं मोठं लेबल सोडा, बारीक ओळ वाचा

ऑक्टोबर संपत आला की इथे अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, टर्की कुठली घ्यायची, आणि त्याला येणारी उत्तरंही दरवर्षी तीच, मोठी घे, ऑरगॅनिक घे, फ्रोझन अजिबात नको, अमुक ब्रँड घे आमच्याकडे मस्त झाली होती. मी बरीच वर्षं घरची टर्की करते आहे आणि ही उत्तरं वाचून आता खरंच वैताग येतो, कारण जी गोष्ट बघायची ती यात कुणीच सांगत नाही. रेसिपी नंतर कुठलीही करा, मसाला आपला लावा नाहीतर अमेरिकन पद्धतीने बटर आणि थाइम लावा, पण पक्षी चुकीचा आणला तर पुढे काहीही करून तो सुधारत नाही. तर हा लेख फक्त निवडण्याबद्दल आहे, ओव्हनमधलं काही इथे नाही.

१. आधी जेवणाचा दिवस पक्का करा

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत गुरुवारी नॉनव्हेज होत नाही. कुणाचा दत्ताचा वार, कुणाचा स्वामींचा, आणि काही वर्षी तर मार्गशीर्षातला गुरुवारच येतो, २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला पहिलाच मार्गशीर्ष गुरुवार होता, ज्यांच्याकडे घट मांडतात त्यांनी टर्की शुक्रवारी नाहीतर शनिवारी केली. यात काहीच बिघडत नाही, फक्त खरेदी बुधवारपर्यंत उरका कारण गुरुवारी बरीच दुकानं बंद असतात, आणि ताजी टर्की घेत असाल तर पाकिटावरची तारीख तुमच्या जेवणाच्या दिवसाच्या पुढची आहे ना ते बघा.

२. माणसं मोजा, पण खाणारी

डोक्यामागे एक पाउंड हा हिशोब बरोबर आहे (कच्ची, हाडांसकट), दुसऱ्या दिवशी पुलाव किंवा कटलेटसाठी उरवायची असेल तर दीड. पण हा हिशोब जिथे सगळेच टर्की खातात आणि बाजूला बटाटा आणि ब्रेड असतो त्या घरांचा आहे. आपल्या टेबलावर छोले असतात, पनीर असतं, मसालेभात असतो, आणि चौदा माणसांत पाच शाकाहारी निघतात. म्हणजे नऊ खाणारे, त्यांना दहा ते बारा पाउंडांची टर्की भरपूर होते. वीस-बावीस पाउंडांचा पक्षी फोटोत छान दिसतो हे मान्य, पण मी सोळाच्या वर कधीच जात नाही आणि तुम्हालाही सांगेन की जाऊ नका. मोठ्या टर्कीत मांडीचं मांस शिजेपर्यंत छातीचं कोरडं पडतं, मसाला आतपर्यंत पोचत नाही, आणि फ्रिजचा एक पूरा कप्पा चार दिवस अडतो, ज्या आठवड्यात तुमच्याकडे पाहुणे राहायला आलेले असतात. माणसं जास्त असतील तर दहा-दहाच्या दोन घ्या, एक आपल्या मसाल्याची, एक साधी मुलांसाठी. चौघंपाचच असाल तर अख्खी घेऊच नका, हाडासकट नुसता ब्रेस्ट मिळतो तो घ्या.

घरून निघण्याआधी रोस्टिंग पॅन ओव्हनमध्ये बसतो का ते बघून घ्या.

३. फ्रोझन की फ्रेश

फ्रोझन वाईट असते हा गैरसमज आहे. चांगली गोठवलेली टर्की पटकन आणि खूप थंडीत गोठवतात, लेबलवर फ्रोझन लिहायचं तर शून्य फॅरनहाइट किंवा त्याखाली, म्हणजे उणे १८ सेल्सियसच्या आसपास. आणि फ्रेश म्हणजे कधीच २६ फॅरनहाइटच्या खाली न गेलेली, म्हणजे उणे तीन सेल्सियसपर्यंत थंड केलेली चालते, त्यामुळे फ्रेश लिहिलेल्या टर्कीला हात लावल्यावर कडक लागली म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका. फरक एवढाच की फ्रोझनचा बर्फ फ्रिजमध्ये उतरायला दिवस लागतात आणि दुसरं असं की फ्रोझनमधल्या बऱ्याचशा टर्कींत खालच्या मुद्द्यातली भानगड असते.

४. बारीक ओळ

इथे थांबा आणि नीट वाचा, कारण या एका गोष्टीने मला सुरुवातीची वर्षं फार छळलं होतं. मसाला तोच, ओव्हन तोच, वेळ तोच, पण एका वर्षी टर्की छान आणि पुढच्या वर्षी खारट, मांस रबरासारखं, वरची स्किन ओलसर, आणि पॅनमध्ये एवढं पाणी की ग्रेव्ही तोंडात घालवेना. लोक सांगायचे मॅरिनेशन जास्त वेळ ठेव, कुणी म्हणायचं कमी ठेव, दही लाव, दही लावू नको. दह्याचा काही संबंधच नव्हता.

होतं असं की सुपरमार्केटमधल्या पुष्कळशा टर्कींना कारखान्यातच मिठाच्या पाण्याची इंजेक्शनं दिलेली असतात. पाणी, मीठ, कधी साखर, कधी सोडियम फॉस्फेट म्हणजे मांसात पाणी धरून ठेवणारा पदार्थ. पाकिटावर हे लिहावंच लागतं पण कुठे, तर नावाच्या खाली नाहीतर बाजूला बारीक अक्षरांत, ‘कंटेन्स अप टू ८% ऑफ अ सोल्युशन’ अशा धर्तीची ओळ. बटरबॉलच्या फ्रोझन टर्कीवर ८% चीच ओळ असते, दुसऱ्या ब्रँडचे आकडे वेगळे असतील. कधी सोल्युशन हा शब्द नसतो, त्याऐवजी बेस्टेड, सेल्फ बेस्टिंग, मॅरिनेटेड, एन्हान्स्ड, ब्राइन्ड यातला एखादा असतो, सगळ्यांचा अर्थ एकच की मीठ आत गेलेलं आहे.

ज्यांना काहीच न लावता टर्की सरळ ओव्हनमध्ये सरकवायची आहे त्यांच्यासाठी ही सोय ठीक आहे. पण आपण तसं करत नाही. आपण आलं, लसूण, मिरची, हळद, गरम मसाला आणि मीठ लावून एक-दोन दिवस मुरवतो, आणि इंजेक्शन दिलेल्या टर्कीला हे सगळं लावणं म्हणजे लोणच्याच्या फोडींना परत मीठ चोळणं आहे. साध्या टर्कीला मीठ लावलं की आधी आतलं पाणी बाहेर येतं, त्यात मीठ विरघळतं, आणि मग ते हळूहळू परत आत जातं, म्हणून मांस चवदारही होतं आणि मऊही राहतं. या दुसऱ्या टर्कीत आधीच पाणी भरलेलं, आधीच मीठ भरलेलं, मसाला बाहेरच राहतो आणि भाजताना त्या पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून माझं मत अगदी ठाम आहे, आपल्या पद्धतीची टर्की करायची असेल तर सोल्युशनवाली घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो, फुकट मिळो. इतक्या डॉलरची खरेदी करा आणि टर्की मोफत अशा ज्या ऑफर नोव्हेंबरात लागतात त्यातली टर्की बहुतेक वेळा हीच असते, घ्यायची तर घ्या पण वाचून घ्या.

आता याच ठिकाणी लोक दुसऱ्या बाजूने फसतात. पाकिटावर ‘रिटेन्ड वॉटर’ अशी पण एक ओळ असते, अमुक टक्क्यांपर्यंत रिटेन्ड वॉटर. ते इंजेक्शन नाही. पक्षी कापल्यावर थंड पाण्यात ठेवून गार करतात तेव्हा थोडं पाणी शोषलं जातं, ते हे, यात मीठ नसतं. ही ओळ बघून चांगली टर्की परत ठेवणारे लोक मी दुकानात पाहिले आहेत. ठेवू नका, घ्या. एअर चिल्ड मिळाली तर अजून उत्तम कारण ती पाण्याऐवजी थंड हवेत गार केलेली असते आणि स्किन जास्त कुरकुरीत होते, महाग असते पण.

खात्री करायची सोपी युक्ती सांगते. मागच्या न्यूट्रिशन लेबलवर सोडियमचा आकडा बघा, चार औंसांच्या सर्व्हिंगला शंभर मिलिग्रॅमच्या आत असेल तर टर्की साधी आहे, दोनशेच्या आसपास किंवा वर गेला की मीठ आत आहे, मग पुढे काहीही छापलेलं असो. आणि इन्ग्रेडियंट्समध्ये टर्की सोडून दुसरं काही लिहिलेलं असेल तर ते का आहे ते वाचा. लेबलच नसेल तर काउंटरवरच्या माणसाला सरळ विचारा, मीठ किंवा सोल्युशन घातलंय का, त्याला माहीत असतं.

कोशर टर्की वेगळी पण परिणाम तोच. ज्यू लोकांच्या पद्धतीप्रमाणे रक्त निघून जावं म्हणून ती पाण्यात भिजवून मिठात ठेवून मग धुतात, त्यामुळे ती खारवलेलीच असते. चवीला चांगली असते, फक्त तुम्ही मीठ लावू नका.

हलाल टर्की मला आपल्या मसाल्यासाठी सगळ्यात सोयीची वाटते. न्यू जर्सीत एडिसन-आयझेलिनच्या बाजूला किंवा जिथे देशी वस्ती आहे तिथल्या हलाल मीटच्या दुकानात आधी ऑर्डर द्यावी लागते, बऱ्याचदा साधी, इंजेक्शन नसलेली मिळते (तरी विचाराच), आणि तो माणूस मागच्या कण्याचं हाड काढून सपाट करून देतो, तशी टर्की निम्म्या वेळात आणि सगळीकडून सारखी भाजली जाते. एकच लक्षात ठेवा, ऑर्डर देतानाच सांगा की स्किन ठेवायची, कारण आपल्या लोकांना चिकन बिनास्किनचं लागतं म्हणून न सांगता काढून टाकण्याची तिथे सवय असते, आणि बिनास्किनची टर्की ओव्हनमध्ये वाळून जाते.

आणि जर सोल्युशनवाली घरी येऊनच पडली असेल, कुणी भेट दिली किंवा दुसरी उरलीच नव्हती, तर मसाल्यात मीठ अजिबात घालू नका, बटर बिनमिठाचं वापरा, आणि तयार तंदुरी मसाल्याच्या पाकिटात मीठ असतं ते विसरू नका, त्यापेक्षा घरचा कोरडा मसाला बरा. कागदाने खूप पुसून रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवा. पॅनमधलं पाणी ग्रेव्हीत चाखत चाखत घाला. साधी असेल तर दर पाच पाउंडांना एक टेबलस्पून जाडं कोशर मीठ पुरतं, आपलं बारीक मीठ असेल तर निम्म्याहून थोडं जास्त.

५. पाकिटावरचे बाकीचे शब्द

हॉर्मोन नाहीत असं लिहिलेलं बघून दोन डॉलर जास्त देऊ नका, अमेरिकेत कुठल्याच कोंबडी-टर्कीला हॉर्मोन द्यायला परवानगी नाही, आणि जो कोणी हे छापतो त्याला, हॉर्मोनना कायद्यानेच बंदी आहे, हेही तिथेच छापावं लागतं. ग्रेड ए म्हणजे स्किन फाटलेली नाही, हाडं मोडलेली नाहीत, मांस भरलेलं आहे, चवीचा त्याच्याशी संबंध नाही. नॅचरल म्हणजे कृत्रिम काही घातलेलं नाही आणि फारशी प्रक्रिया केलेली नाही, पक्षी कसा वाढवला याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही, आणि मीठपाणी कृत्रिम नसल्यामुळे नॅचरल लिहिलेली टर्कीसुद्धा खारवलेली असू शकते, म्हणून परत एकदा बारीक ओळ. फ्री रेंज म्हणजे बाहेर जायला वाट होती एवढंच. ऑरगॅनिकला आणि अँटिबायोटिकशिवाय वाढवलेल्याला खरा अर्थ आहे, ते तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल तर नक्की घ्या, मीही घेते, पण त्याने मांस मऊ होईल असं समजू नका.

हेरिटेज म्हणून बूर्बन रेड, नॅरागॅन्सेट अशा जुन्या जातींच्या टर्की मिळतात. दुकानातली नेहमीची पांढरी जात मोठ्या छातीसाठी तयार केलेली आहे, या जुन्या जातींना छाती कमी, तंगडीचं मांस जास्त आणि घट्ट, चव दाट. किंमत कितीतरी पट. ज्यांना गावठी कोंबडी आवडते त्यांना ही आवडेल, पण पहिल्यांदाच करत असाल आणि सासूसासरे भारतातून आलेले असतील तर त्या दिवशी हा प्रयोग नको.

नर की मादी, हा विचार करू नका. सोळा पाउंडांच्या खाली बहुतेक मादीच असते, आणि दोन्ही कोवळ्याच कापलेल्या असतात.

पॉप-अप टायमर लावलेली आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका, तो वर येईपर्यंत छाती वाळलेली असते. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या, मांडीत आणि छातीच्या जाड भागात १६५ फॅरनहाइट दिसलं की झालं.

६. हातात घेऊन बघा

पाकीट फाटलेलं नको, आत गुलाबी बर्फाचे थर नकोत, ते एकदा वितळून परत गोठल्याचं लक्षण आहे. फ्रीजरमध्ये खालच्या थरातली घ्या.

७. घरी आणल्यावर

फ्रोझन असेल तर दर चार ते पाच पाउंडांना एक अख्खा दिवस, फ्रिजमध्येच, ओट्यावर किंवा सिंकमध्ये रात्रभर नाही. बारा पाउंडांची असेल आणि गुरुवारी भाजायची असेल तर शनिवारी फ्रिजमध्ये ठेवा, मंगळवारी बर्फ उतरतो, त्या रात्री मसाला लावा. खाली ट्रे ठेवा, पाणी गळतं. नळाखाली धुऊ नका, आपल्याला सवय असते पण त्याने कच्च्या मांसाचं पाणी आख्ख्या सिंकभर उडतं, कागदाने पुसा. कलेजी, पेटा आणि मान आत पिशवीत असतात, कधी एकच पिशवी असते तर कधी दोन, एक पोटात आणि एक मानेच्या बाजूला स्किनखाली, दोन्हीकडे हात घालून बघा आणि मगच मसाला लावायला घ्या.