पत्र्याच्या छपरात उजेडाचा पत्रा कसा बसवावा

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या घरांवर कौलं होती तोवर हा प्रश्न कुणाला पडला नाही. मंगळुरी कौल जेमतेम हातभर लांब, रिपेवर नुसतं अडकवलेलं. ऊन लागलं की ते आपल्यापुरतं फुगतं, गार झालं की आकसतं, शेजारच्या कौलाला त्याचा धक्का लागत नाही. पुढे वानरांनी कौलं फोडून हैराण केलं, शाकारणीला माणसं मिळेनाशी झाली आणि घराघरांवर पत्रा आला. पत्र्याखाली अंधार होतो म्हणून मधे एखादा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, पारदर्शक पत्रा टाकायचा, ही आता सगळीकडची पद्धत. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात नेमका तोच पत्रा गळायला लागतो.

गळायला लागला की ठरलेला सल्ला मिळतो: स्क्रू आवळा, वर डांबर थापा. हा सल्ला ऐकून मी स्वतःचं नुकसान करून घेतलंय आणि नंतर कितीतरी घरांवर हेच झालेलं निस्तरलंय. म्हणून आधी कारण सांगतो.

लोखंडाचा 1 मीटर तुकडा 100 अंशांनी तापवला तर साधारण 1.2 मिलिमीटर वाढतो. पॉलिकार्बोनेट तेवढ्याच तापाला साडेसहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे पाचपटीहून जास्त. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पत्रा हाताला बर्फासारखा लागतो आणि एप्रिलच्या दुपारी त्यावर हात टेकवत नाही. मधला फरक 50 अंश धरायला काहीच हरकत नाही. दहा फुटी लोखंडी पत्रा त्यात 2 मिलिमीटरच्या आत-बाहेर होतो. तेवढं स्क्रू थोडा कलून सोसून घेतो. शेजारचा पारदर्शक पत्रा मात्र जवळजवळ 1 सेंटिमीटर लांब-आखूड होतो. त्याला सगळीकडून खिळवून ठेवलं तर तो स्क्रूपाशी तडकणारच.

सांगाडा, उतार, पर्लिनमधलं म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या लोखंडी दांड्यांमधलं अंतर हे तुमच्या फॅब्रिकेटरने (सांगाडा बनवणाऱ्याने) नीट केलं असेल असं धरून चालतो. पत्रा विकत घेताना त्याची लाट बाकीच्या पत्र्याशी जुळते का ते तुकडा शेजारी ठेवून बघा. उन्हापासून बचाव करणारा थर बहुतेक पत्र्यांना एकाच बाजूला असतो आणि त्या बाजूला चिकटवलेल्या पातळ प्लास्टिकवर तसं छापलेलं असतं. ती बाजू आभाळाकडे. कडेचा जोड, म्हणजे एका पत्र्यावर दुसरा चढतो तो भाग, पूर्ण एक लाट, टोकाचा जोड निदान वीतभर.

ज्या पर्लिनवर हा पत्रा टेकणार तिचा वरचा भाग पांढरा रंगवा किंवा त्यावर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. ऊन पारदर्शक पत्र्यातून आरपार जातं आणि खालच्या काळ्या लोखंडाला तापवतं. मग ते लोखंड टेकलेल्या जागी पत्र्याला भाजत राहतं. पाच-सहा वर्षं झालेला पत्रा काढून बघा, पर्लिनच्या रेषेत पिवळा, ठिसूळ पट्टा दिसेल. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि करताना मात्र फारसं कुणी दिसत नाही.

आता भोकं. माझी पहिली चूक इथलीच.

जांबोटीच्या बाजूला आमच्या थोरल्या काकूंच्या स्वयंपाकघरावर मी पहिला असा पत्रा घातला. स्वतःच भोक पाडत आत जाणारे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू होते, तेव्हा वेगळं भोक कशाला पाडायचं म्हणून थेट मारत गेलो. मशीनने घट्ट आवळले, वॉशर चपटे होऊन बाहेर आले तेव्हा बरं वाटलं. काम केलं भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता. पत्रा तेव्हा सगळ्यात लांब झालेला होता. आठच दिवसांत वळीव आला, गारा पडल्या, तापलेला पत्रा दोन मिनिटांत गार झाला आणि कडाकड आवाज सुरू झाले. सकाळी वर चढून पाहिलं तर टोकाच्या रांगेतल्या जवळपास प्रत्येक स्क्रूभोवती चांदणीसारख्या बारीक भेगा. मला सांगितलं गेलं की एपॉक्सी भरा. भरलं. एपॉक्सी वाळून दगड होतं, पत्रा हलत राहतो, तेव्हा पुढच्या पावसात ते सुटून आलं आणि पाणी थेट चुलीवर. काकू काही बोलल्या नाहीत, नुसतं पातेलं ठेवलं. त्या बाजूला पाऊस एकदा लागला की महिना महिना हटत नाही, आणि ते पातेलं मी पूर्ण पावसाळा बघितलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पत्रा जमिनीवर ठेवायचा, भोकाच्या जागेखाली लाकडाचा ठोकळा द्यायचा आणि स्टेप ड्रिलने, म्हणजे पायरीपायरीने जाड होत जाणाऱ्या ड्रिलने, हळू भोक पाडायचं. ठोकळा नसेल तर पत्रा थरथरतो आणि भोकाच्या कडेलाच बारीक चीर पडते. पुढची मोठी भेग तिथूनच निघते. भोक पाडायचं लाटेच्या उंचवट्यावर, खोलगटात कधीच नाही.

भोकाचं माप असं. लांबीच्या मधोमध जी पर्लिन येते तिच्यावरची भोकं स्क्रूच्याच मापाची. पत्रा तिथे पक्का धरायचा. बाकी सगळ्या रांगांमध्ये साडेपाच मिलिमीटरच्या स्क्रूला 11 मिलिमीटरचं भोक. हो, दुप्पट. मध्यावर धरल्यामुळे 1 सेंटिमीटरची हालचाल दोन्ही टोकांत निम्मी-निम्मी वाटली जाते आणि एवढ्या भोकात ती मावते. पत्रा एका टोकाला पक्का धरलात तर सगळी हालचाल दुसऱ्या टोकाला जाते आणि 11 चं भोकही पुरत नाही. बारा फुटांच्या वरचा पत्रा असेल तर मी सरळ दोन तुकडे घेऊन जोड देतो.

मोठ्या भोकाला साध्या स्क्रूबरोबर येणारा बारका वॉशर चालत नाही. भोक सरकलं की तो उघडा पडतो. 25 मिलिमीटरचा, वर धातूची चकती आणि खाली रबर असलेला वॉशर मागून घ्या. दुकानदार म्हणेल कुणी नेत नाही. तरी तोच घ्या.

वेळ सकाळी नऊ-साडेनऊची उत्तम, पत्रा ना फार गार ना फार तापलेला. तेव्हा स्क्रू भोकाच्या मधोमध मारा. दुपारीच काम करावं लागलं तर स्क्रू भोकाच्या आतल्या अंगाला, म्हणजे मधल्या पक्क्या रांगेच्या बाजूला ठेवा. रात्री पत्रा त्या रांगेकडे आकसत जाईल आणि भोक स्क्रूवरून मोकळं सरकेल. थंडीतल्या पहाटे उलट करा.

आवळताना मशीनचा जोर कमीत कमी ठेवा आणि शेवटचे दोन फेरे हाताने द्या. रबर टेकून किंचित फुगलं की थांबायचं. वॉशर बोटाने ढकलला तर सरकायला नको, पण खालचा पत्रा तळव्याने लांबीच्या दिशेने दाबला तर जरासा हलायला हवा. हा अंदाज दोन-चार स्क्रूंनंतर हातात बसतो. जास्त आवळलात तर उंचवटा दबून खळगा होतो, त्यात पाणी साचतं, आणि मोठं भोक पाडून काही उपयोग राहत नाही.

डांबर लावू नका, थिनर किंवा पेट्रोलचा बोळा फिरवू नका. पॉलिकार्बोनेट त्याने तडकतो. जोडात लावायचंच तर न्यूट्रल सिलिकॉन. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो नको.

भिंतीला टेकणारी कड सिमेंटने बुजवू नका. भिंतीत खाच घेऊन पत्र्याची पट्टी बसवा, तिचं वरचं टोक भिंतीत पक्कं आणि खालचं पत्र्यावर नुसतं टेकलेलं असू द्या.

आढ्याखाली हवा निघायला फट ठेवा, गरम हवा वर जाऊन तिथेच कोंडते.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्र्याखालून थेंब पडले तर लगेच वर चढू नका. रात्री निरभ्र आभाळाखाली पत्रा आपली उष्णता वर टाकून हवेपेक्षाही गार होतो आणि चुलीची, माणसांच्या श्वासाची वाफ त्याला खालून चिकटते. हे थेंब जोडाच्या रेषेत न येता सगळ्या पत्र्याभर असतात, आणि ऊन आलं की तासाभरात वाळतात. अथणीकडे कोरड्या हवेत हे कमी दिसतं, खानापूरच्या रानाकडच्या घरांत जवळजवळ रोज.

पहिल्या वळवाला खाली बसून ऐका. टक-टक असे बारीक आवाज येतील, ते सरकण्याचे आहेत, येऊ द्या. बंदुकीसारखा एखादा मोठा आवाज आला तर तो कुठून आला तेवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी तो एकच स्क्रू काढून भोक बघा. बहुतेक वेळा तिथे वॉशर जास्त आवळलेला सापडतो.