घाणेरी आणि गुरं : या चुका टाळा

"जनावराला कळतं काय खायचं ते." नाशिकजवळच्या गिरणारे-त्र्यंबक पट्ट्यात हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. डोंगरावर चरून वाढलेल्या डांगी गाईला कळतं, बहुतेक वेळा. दावणीला वाढलेल्या संकरित गाईनं घाणेरी (लँटानाचं झुडूप) पाहिलेलीच नसते.

मीही याच भरवशावर बसलो. मे अखेर, चारा संपत आलेला. लोणीच्या बाजारातून आणलेली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय बांधावर सोडली, तिथं घाणेरीचं कुंपण. दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, शेण घट्ट. म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. मग डोळे पिवळे झाले, लघवी गडद, आणि पाठीवरचे पांढरे पट्टे भाजल्यासारखे सोलू लागले. काळ्या पट्ट्यांना मात्र काही नाही. कुणी हळद-तेल सांगितलं. लावलं, आणि गाय पुन्हा उन्हातच बांधली!

दुखणं कातडीचं नव्हतंच. घाणेरीतलं लँटाडीन हे विष यकृत बिघडवतं, पित्त अडतं. चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारं फायलोएरिथ्रिन एरवी पित्तावाटे निघून जातं. पित्त अडलं की ते रक्तात साचतं, कातडीत येतं आणि ऊन लागलं की पांढरा भाग जळतो. त्यात कोठा थांबलेला, म्हणजे खाल्लेला पाला आतच, विष झिरपतंच आहे. म्हणून डॉक्टर विष धरून ठेवणारा सक्रिय कोळसा पाजतात (चुलीतला नव्हे). गाय वाचली, पण त्या वेताचं दूध गेलं. आता नुसता संशय आला तरी मी जनावर आधी अंधाऱ्या गोठ्यात नेतो, मग फोन लावतो.

तोडलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका. सुकलेला पालाही विषारीच. हिरवी फळं पोरांच्या हाती लागू देऊ नका.

कुऱ्हाडीनं वरून छाटणं म्हणजे एका फांदीच्या पाच करणं. पेटवलं तरी बुंध्यातून फुटतेच, वर भोवतालचं गवतही जातं. १८०९ मध्ये शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणलेलं हे झुडूप एका रविवारात संपवायला नवी पोरं जेसीबी आणतात. दिवाळीला पुन्हा फुलं. मी दोन-तीन पाऊस झाले, माती मऊ झाली की टिकावानं बुंधा मुळासकट काढतो. दिवसाला चार-पाच झुडपं, बस. आणि ऑगस्टात बाभळीखाली, विजेच्या तारांखाली एक फेरी मारतो. बुलबुल तिथंच बसून बिया टाकतात. तेव्हा रोपं बोटभर असतात, हातानं उपटतात.