शेतीच्या धबडग्यात देवाकडे चित्त कसे ठेवावे

मृग लागल्यावर पेरणीची जी घाई सुरू होते, ती कापसाचा शेवटचा वेचा घरी येईपर्यंत थांबत नाही, आणि या काळात प्रार्थनेला वेळच उरत नाही, असे विदर्भातल्या खेड्यांतील अनेक ख्रिस्ती विश्वासी मनापासून खंत करीत सांगतात. बंद खोलीत तासभर शांत बसावे, हा सल्ला दोन खोल्यांच्या घरात आणि जनावरांच्या चाऱ्यापाण्याच्या वेळी पाळता येत नाही. म्हणून वेगळा वेळ शोधत बसण्यापेक्षा दिवसात आधीच ठरलेल्या कामांना प्रार्थना जोडून घ्यावी. बायबलमधील दानिएल हा दारयावेश राजाच्या तीन अध्यक्षांपैकी एक होता, त्याच्यावर राज्यकारभाराचा भार होता, तरीही तो दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करीत असे (दानिएल ६:१०).

सकाळी गोठ्यात जाण्यापूर्वी आणि मोबाईल हातात घेण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, लहानसा भाग वाचावा. आरंभी स्तोत्र १, २३ किंवा १२१ घ्यावे. ही स्तोत्रे सहा ते आठ वचनांची आहेत. पुढे मार्काचे शुभवर्तमान थोडे थोडे करून वाचावे. भाग दोनदा, हळू आणि मोठ्याने वाचावा आणि त्यातील एकच वचन त्या दिवसासाठी निवडावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी घरातील शाळकरी मुलाकडून तेवढा भाग वाचून घ्यावा. त्यामुळे मुलाच्याही कानावर वचन पडते.

निवडलेले ते वचन वावरात सोबत न्यावे. निंदण किंवा वेचणी करताना हात कामात असतात, पण मन मोकळे असते, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या दिवसातील मननाची सर्वांत चांगली वेळ हीच आहे. नवी पात धरताना वचन एकदा मनात म्हणावे आणि पात संपेपर्यंत त्यातील एकाच प्रश्नाकडे लक्ष द्यावे: येथे देव स्वतःविषयी काय सांगतो? शेजारच्या पातीतील बाया बोलत असतील तर त्यांच्यापासून तुटून राहू नये. त्यांचे बोलणे ऐकावे आणि ज्या घरच्या दुखण्याचा विषय निघाला, त्या घरासाठी तेथेच मनात प्रार्थना करावी. बायबलमधील नहेम्या हा राजाचा प्यालेबरदार होता; राजाने प्रश्न विचारला आणि तो उत्तर देणार, तेवढ्या क्षणात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४); इतकी लहान प्रार्थनाही पुरते. हरभऱ्याच्या ओलिताला रात्री जावे लागले तर कानात इयरफोन घालून उपदेश ऐकू नये, कारण सापाची किंवा रानडुकराची चाहूल लागत नाही. त्याऐवजी पाठ असलेले गीत तोंडाने म्हणावे.

चित्त सर्वांत जास्त विचलित होते ते काळजीने. पाऊस लांबला, बोंडअळी पडली, कर्जाच्या हप्त्याची तारीख जवळ आली, की डोळे मिटताच तेच समोर येते. हे विचार हाकलून लावण्याची धडपड करू नये, तर त्यांनाच प्रार्थनेचा विषय करावे. एका वहीत कर्जाची रक्कम आणि तारीख लिहावी, ती देवापुढे मोठ्याने वाचावी, आणि उठल्यावर त्या बाबतीत जे करणे आपल्या हाती आहे, म्हणजे बँकेत चौकशी करणे असो किंवा घरच्यांना खरी परिस्थिती सांगणे असो, ते त्याच दिवशी करावे. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ आपले म्हणून म्हणावे, कारण त्यात देवाला ‘किती काळ’ असे विचारण्याची मोकळीक आहे. पावसाची वाट पाहताना स्तोत्र ६५ घ्यावे, आणि पीक हातचे गेले असेल तेव्हा हबक्कूक ३:१७-१८ वाचावे, जेथे शेतात अन्न नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत असे स्पष्ट म्हणूनही संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करतो. अशा माणसाला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे कोणीही म्हणू नये. ते निष्ठुरपणाचे आहे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, त्याच दिवशी बोलवावे आणि डॉक्टरांकडेही जावे.

संध्याकाळची कौटुंबिक उपासना थोडक्यात करावी: एक गीत, सकाळचेच वचन, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि त्यापूर्वी काही काळ नागपुरात राहिलेल्या कवी नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीतील भजने टाळांवर सहज म्हणता येतात आणि म्हाताऱ्यांनाही ती पाठ असतात.

मंडळी, म्हणजे चर्च, दूरच्या गावी असेल आणि पाळक दर रविवारी येऊ शकत नसतील, तर जवळच्या दोन-तीन घरांनी एका ओसरीवर जमावे. दोघे किंवा तिघे येशूच्या नावाने जमतात तेथे तो असतो (मत्तय १८:२०). वेचणीत किंवा लग्नसराईत वाचनाचा क्रम मोडला तर राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या मागे लागू नये. ज्या दिवशी आठवण होईल, त्या दिवसाचे एक स्तोत्र वाचावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात जाण्यापूर्वी पुन्हा बसावे.