हाडांच्या इंजेक्शनाआधी दात दाखवा

कर्करोग हाडांत पसरला की ती मोडू नयेत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम शिरेतून किंवा डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम कातडीखाली देतात, बहुधा दर ४ आठवड्यांनी. ही औषधे जुने हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतात. जबड्याला मात्र तेच नडते. दाढ उपटल्यावर तिथले हाड नव्याने भरत नाही, उघडे पडते, त्यात जंतू शिरतात आणि तो तुकडा मरतो. हा त्रास थोड्याच रुग्णांना होतो, पण झाला की महिनोन् महिने रेंगाळतो. खालच्या जबड्यात जास्त.

म्हणून पहिल्या इंजेक्शनाची तारीख पडण्याआधी दात तपासून घ्या. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, उपचार चालू असतील तर गोवा दंत महाविद्यालयही बांबोळीतच आहे, एका फेरीत दोन्ही कामे होतात. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, काढून घ्या. किडकी मुळे, हलणाऱ्या दाढा तेव्हाच काढायच्या आणि हिरडी मिटायला २ ते ३ आठवडे द्यायचे. तेवढे थांबता येईल का, हे कर्करोगाच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

इंजेक्शने सुरू झाल्यावर दात भरणे, साफ करणे चालते. दाढ सडली तर उपटण्याऐवजी रूट कॅनल करावे. वरचा भाग तुटलाच असेल तर तो कापून मूळ बंद करून आत ठेवता येते. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात, नको. झोलेड्रोनिक हाडात वर्षानुवर्षे राहते, तेव्हा ते बंद होऊन कितीही काळ लोटला तरी गावातल्या दंतवैद्याला सांगायचेच. त्यांनी विचारले नाही तरी. डेनोसुमॅब मात्र दातासाठी परस्पर थांबवू नका, त्याने मणके मोडण्याची भीती असते.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. ती लागून फोड आला तर दंतवैद्याकडून ती घासून घेईपर्यंत घालूच नका, कारण कवळीच्या जखमेतूनही हाड उघडे पडते. बांगड्याचा काटा हिरडीत रुतला तर टाचणीने कोरू नका, दंतवैद्याकडून काढून घ्या. मिश्री, तंबाखू बंद.

जिभेला खरखरीत हाड लागणे, पू, दुर्गंधी, कारण नसताना दात हलणे, काढलेल्या दाढेची जागा न मिटणे ही लक्षणे आहेत. दुखेलच असे नाही. निदानात हाड ८ आठवडे उघडे राहण्याची अट असते, तुम्ही तेवढे थांबायचे नाही. दंतवैद्याने क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के हे जंतुनाशक दिले तर दिवसातून दोनदा १० मिली घेऊन १ मिनिट गुळण्या करा, पण ब्रश केल्यावर अर्ध्या तासाने, कारण टूथपेस्टच्या फेसाने त्याचा जोर जातो. सुटा तुकडा स्वतः ओढू नका.

खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली तर त्याच दिवशी कर्करोगाच्या डॉक्टरांना कळवा. तिथे गाठ पसरल्यानेही असे होते, आणि ते स्कॅनशिवाय कळत नाही.